सातव्या पेटीपासून

जीवाश्म मोजायला शिकवणाऱ्या उन्हाळी वर्गाला येताना माझ्याबरोबर सासूबाई होत्या, दहा महिन्यांची मुलगी होती, शिंपल्यांचा एक डबा होता आणि एक नवी प्रजाती होती. उद्या परत जाताना यातलं एक कमी असणार आहे. तरी सामान आवरताना मी गुणगुणत होते म्हणे. सासूबाईंना मी आईच म्हणते, त्यांनीच पकडलं. "एवढं हातचं गेलं आणि हिला गाणी सुचतायत," असं म्हणत त्या दोरीवरचे लंगोट काढायला बाहेर गेल्या.

लंगोट गोटीचे. गोटी म्हणजे माझी मुलगी. खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण जन्मली तेव्हा इतकी गोल होती की तिच्या बाबाने पहिल्याच दिवशी ही हाक मारली आणि ती चिकटली ती चिकटलीच. आत्ता ती पंख्याखाली पालथी झोपलीय, एक पाय गादीबाहेर. ती उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं माझं.

आधी शिंपल्यांचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्या गावाबाहेर रस्त्यासाठी एक टेकडी कापली, तेव्हा तिच्या पोटातले थर उघडे पडले. कधीकाळी तिथे उथळ समुद्र होता. थराथरात नखाएवढे शिंपले अडकलेले. माझे मार्गदर्शक सर आणि मी ते गोळा केले आणि प्रत्येक थराची वेगळी पेटी केली. पहिली पेटी सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या थराची. बारावी सगळ्यात वरची. मग माझं काम सुरू झालं. एकेक शिंपला मऊ मातीच्या गोळीवर टेकवायचा, त्याची कड सगळीकडून सारखी आडवी येईल असा बसवायचा, वरून फोटो काढायचा. नंतर संगणकावर त्या फोटोत ठरलेल्या जागी खुणा टाकायच्या: एक बिजागरीपाशी, एक टोकावर, बाकीच्या कडेकडेने. सगळ्या शिंपल्यांच्या खुणा एकमेकींवर बसवल्या की संगणक प्रत्येक शिंपल्याचा एक ठिपका दाखवतो. सारखे शिंपले जवळ, वेगळे लांब.

माझ्या ठिपक्यांचे दोन ढग झाले होते. पहिल्या सहा पेट्यांचा एक आणि सातव्या पेटीपासून पुढचा दुसरा. खालचे शिंपले लांबट, वरचे बुटके. मधलं कोणी नाही.

ते पाहून सर खुर्चीतून उठले. एरवी आग लागली तरी ते खुर्चीतून उठतील की नाही शंका आहे. "हळूहळू काही नाही," ते म्हणाले, "एका थरात अख्खा पालट. लांबट गेले, बुटके आले." बुटक्यांची नवी प्रजाती, आणि तिला नाव द्यायचा मान माझा. मी गोटीचं खरं नाव योजलं होतं, त्याला लॅटिन शेपूट जोडून. फक्त आईंना सांगितलं. "दगडाला माझ्या नातीचं नाव?" असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं, आणि दुसऱ्याच दिवशी शेजारणीला फोनवर सांगताना मी ऐकलं, "आमच्या नातीच्या नावाचा प्राणी निघालाय. समुद्रातला."

लेख लिहून झाला होता. गोटीच्या झोपांमध्ये तुकड्यातुकड्याने लिहिला. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून आमच्या विभागात जो भेटेल तो विचारायचा, "आता जमेल ना?" विचारणारी सगळी भली माणसं, त्यामुळे रागही काढता यायचा नाही. हा लेख म्हणजे माझं उत्तर होतं. पुढे मला संशोधनात ठेवायचं की नाही, तेही त्याच्यावरच ठरायचं होतं. वर्ग संपला की सोमवारी सर तो पाठवणार होते.

*

वर्ग भरायचा तो हॉल लांबट, पडदे कायम ओढलेले, कारण खिडकीतून ऊन आलं की फोटोंवर सावल्या पडायच्या. टेबलांची रांग, प्रत्येक टेबलावर खाली तोंड करून बसलेला कॅमेरा. समोर अंगण, अंगणापलीकडे आमची विश्रामगृहातली खोली. गोटीला भूक लागली की आई तिला कडेवर घेऊन हॉलच्या काचेच्या दारापाशी येऊन उभ्या राहायच्या. हाका मारायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. अख्ख्या वर्गाला कळायचं. "शिंपलेबाई, तुमचं बोलावणं आलं," माझ्या शेजारचे म्हणायचे.

हे शेजारचे म्हणजे दातवाले. जुन्या काळच्या उंदरांचे दात मोजतात. चांगले उंच, टेबलाखाली पाय मावत नाहीत. हजारो उंदरांच्या दाढा काढल्या असतील त्यांनी दगडांतून, पण स्वतःची किडलेली दाढ दाखवायला घाबरतात आणि दिवसभर गाल धरून बसतात.

शिकवायला होत्या त्यांचं नाव वर्गाने बिंदूबाई ठेवलं होतं. बारीक कापलेले पांढरे केस, खिशात खडू. काहीही सांगा, त्यांचा एकच प्रश्न: "कशावरून?" पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक शिंपला काढला, माझ्याकडे बघून, आणि म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं तुम्ही हा मोजता. तुम्ही हा मोजता, कॅमेरा मोजता, दिवा मोजता, टेबल मोजता आणि त्यात स्वतःला पण मोजता. सगळी खिचडी. त्यातून शिंपला तेवढा बाजूला काढायचा, हे इथे शिकायचं." मी वहीत लिहून घेतलं. पटलंही. आपल्याला लागू पडेल असं मात्र वाटलं नाही. माझ्याकडे दोन ढग होते ना, स्वच्छ, वेगवेगळे.

मग चुकीचा दिवस आला. म्हणजे त्या दिवसाचा धडाच तो होता: आपली चूक मोजणे. बिंदूबाई म्हणाल्या, "आपलं साहित्य शेजाऱ्याला द्या. तो सगळं पहिल्यापासून करेल. बसवणं, फोटो, खुणा. तुमचे जुने आकडे तुमच्यापाशी आहेतच. दोन्ही शेजारी ठेवा. जेवढा फरक, तेवढी तुमची चूक."

माझ्या डब्यात प्रत्येक पेटीतले थोडे थोडे शिंपले होते. ते मी दातवाल्यांना दिले आणि त्यांच्या उंदरांचे दात घेतले. संध्याकाळी दोघांचे ठिपके पडद्यावर आले. माझे जुने: दोन ढग. त्यांचे: एक. बारा पेट्यांचे सगळे शिंपले एकाच ढगात, आणि सगळे लांबट.

"माझंच चुकलं असणार," दातवाले गाल धरून म्हणाले. "मला शिंपल्यांची सवय नाही."

"कशावरून?" मागून बिंदूबाई.

मी शिंपले मोजून डब्यात भरले. खोलीवर आले तर आई गोटीला भरवत होत्या. भरवत कसल्या, दोघींची लढाई चालली होती.

"काय झालं? तोंड का असं?"

"आई, माझं डोकं ठिकाणावर नाहीये बहुतेक. खुणा टाकल्या तेव्हा ही तीन महिन्यांची होती. मांडीवर हिला घेऊन, अर्धवट झोपेत टाकल्यात मी सगळ्या. चुकल्या असतील."

"सगळ्या?"

"अर्ध्या. सातव्या पेटीपासून."

आईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे सहाव्या पेटीपर्यंत जागी होतीस आणि सातवी उघडली की झोपलीस? झोप काय पेटी बघून येते का? मी तीन पोरं वाढवलीत, मला झोपेचं सांगू नकोस."

त्यांना आकडेशास्त्रातलं काही कळत नाही असं त्याच म्हणतात. पण मला तेवढ्याने धीर आला. दुसऱ्या दिवशी मी तेच जुने फोटो उघडले, पेट्यांचे क्रमांक झाकून, उलटसुलट क्रमाने, आणि सगळ्या खुणा नव्याने टाकल्या. जेवायला उठले नाही. आई दाराशी आल्या, मी तिथेच पाठमोरी बसून गोटीला पाजलं आणि परत बसले.

नव्या खुणा जुन्यांवर जवळजवळ तंतोतंत बसल्या. बुटके बुटकेच, लांबट लांबटच. बिंदूबाईंनी आकडा पाहिला आणि भुवया वर केल्या. "तुमच्या हाताची चूक वर्गात सगळ्यात कमी आहे."

"मी झोपेत टाकल्या होत्या या खुणा."

"मग झोपेतच टाकत जा."

मला हसू आलं, आणि मग डोळ्यांत पाणी. ते दोन्ही एकदम आलेलं कोणाला दिसू नये म्हणून मी बाटली भरायला बाहेर गेले. "आता जमेल ना?" विचारणाऱ्या सगळ्या भल्या माणसांना मी मनातल्या मनात तो आकडा दाखवला. नळ चालू ठेवून जरा वेळ उभी राहिले.

पण मग फरक कुठून आला? खुणा बरोबर, म्हणजे खोट फोटोत. पण बाराही पेट्यांना माझा कॅमेरा तोच, भिंग तेच, दिवा तोच. शिंपलेही तेच. खोट सापडली नाही तर सोमवारी लेख जाणार, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाला माझी प्रजाती दिसत नव्हती.

*

सापडली ती आईंच्या आंघोळीमुळे.

दुपारी त्या काचेच्या दाराशी आल्या. गोटीला भूक नव्हती. त्यांनी दार उघडून तिला सरळ माझ्या हातात दिलं. "सकाळपासून आंघोळ नाही माझी. आज पाणी आलंय. ही मला सोडत नाही. तूच बघ अर्धा तास." आणि गेल्या. बिंदूबाईंनी गोटीकडे पाहिलं, गोटीने त्यांच्याकडे. दोघींनी एकमेकींना चालवून घेतलं.

मी तिला मांडीवर बसवून कामाला लागले. आता ती टेबलाच्या आणि माझ्या मधे. पुढे वाकता येईना, तिचं डोकं हनुवटीला लागायचं. मी खुर्ची मागे सरकवली, हात लांब केले, मातीच्या गोळीवर शिंपला ठेवला, कड आडवी दिसेपर्यंत बोटाने दाबला. फोटो काढणार, तेवढ्यात दातवाले म्हणाले, "शिंपलेबाई, तुमचा शिंपला माझ्याकडे पाठ करून बसलाय."

"सरळ आहे की."

"तुमच्याकडून सरळ असेल. इकडून बघा."

मी गोटीला त्यांच्या मांडीवर टेकवलं आणि उठून त्यांच्या बाजूने खाली वाकून पाहिलं. शिंपला माझ्या खुर्चीकडे तोंड करून चांगला कललेला होता. मी मागून, तिरक्या नजरेने बसवला होता, म्हणून माझ्या नजरेला तो सरळ. कॅमेरा मात्र वरून बघणार. वरून बघितलं की कललेला शिंपला आखूड दिसणार.

बुटका.

मी पुन्हा खुर्चीवर बसले, आता मांडी रिकामी. टेबलावर ओणवं होऊन, थेट वरून बघत शिंपला बसवला. सपाट बसला. पहिल्या सहा पेट्या मी अशाच केल्या होत्या, कॅमेऱ्याच्या डोक्याला डोकं लावून.

"पण गेल्या वर्षी फोटो काढले तेव्हा मांडीवर ही नव्हती," मी म्हणाले.

दातवाल्यांनी गोटीकडे पाहिलं. ती त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घालत होती. "कितवा महिना होता?"

मी बोटांवर महिने मोजले.

सहावी पेटी संपली आणि उलट्यांनी मला आडवं केलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, घरी पडून राहा. परत टेबलापाशी आले ती सहावा महिना लागल्यावर. सातवी पेटी उघडली, आठवी, नववी, आणि बाळंतपणाच्या आधी बारावी हातावेगळी करायचीच असा हट्ट धरला. टेबलाची कड पोटाला लागायची. मी खुर्ची मागे घ्यायची आणि हात लांब करून शिंपले बसवायची. ती सवय इतकी सहज लागली की तिच्याकडे लक्षच गेलं नाही. पाठ दुखते एवढं लक्षात राहिलं.

"मांडीवर नव्हती," दातवाले म्हणाले, "पण होतीच की."

मला वाटलं होतं वाईट वाटेल. प्रजाती गेली, लेख गेला, नाव गेलं. पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. डोकं ठिकाणावर होतं, हात ठिकाणावर होता. फक्त पोट पुढे होतं.

बिंदूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळं ऐकलं त्यांनी. मी आधीच म्हणाले, "कशावरून, ते दाखवते."

त्यांनी खिशातून एक छोटी काचेची पट्टी काढून दिली. "डोळ्याने बसवू नका. ही कडेवर ठेवा आणि चारी बाजूंनी बघा. पट्टी कलली तर शिंपला कललाय." इतकी साधी युक्ती. आईंची आंघोळ आटोपली, त्या गोटीला घेऊन गेल्या आणि मी डब्यातले सगळे शिंपले पट्टी ठेवून पुन्हा बसवले, पुन्हा फोटो, पुन्हा खुणा. दातवाले पेट्यांचे क्रमांक लपवून एकेक हातात देत होते, म्हणजे मला लबाडी करता येऊ नये. मधेच म्हणाले, "उद्या मी दाढ दाखवून येतो. तुम्ही एवढं मोठं सहन करताय तर." मी म्हटलं, "आजच जा." "उद्या," ते म्हणाले.

ठिपके पडद्यावर आले. एक ढग. गोल, दाट, बारा पेट्यांचा.

मग मी जुने फोटो मूळ रूपात उघडले. खुणा टाकण्यापूर्वी मी प्रत्येक फोटोची कड कापत असे, तळाशी काहीतरी धूसर यायचं म्हणून. भिंगाची सावली असेल असं समजून. पहिल्या सहा पेट्यांत ते नाही. सातव्या पेटीत फोटोच्या तळाशी एक निळी पुसट कड आहे. नवव्यात ती थोडी वर आलीय. बाराव्यात तर चांगली कमान झालीय, मातीची गोळी ठेवायच्या थाळीला टेकायला आलेली. त्या महिन्यांत मला फक्त नवऱ्याचा निळा शर्ट अंगाला व्हायचा.

भिंगाची सावली नव्हती ती. ही आमची गोटी होती.

*

सरांना फोन करायचा म्हणजे जिवावर आलं होतं. आई म्हणाल्या, "कर आत्ताच. नाहीतर रात्रभर कूस बदलशील आणि गोटी उठेल." मी अंगणात जाऊन केला. न थांबता सगळं सांगितलं. पलीकडे खुर्ची करकरली. 

"म्हणजे बुटके नाहीतच," ते म्हणाले.

"नाहीत, सर. बघायची नजर तिरकी होती."

"हं. आणि सोमवारी मी हे पाठवणार होतो." मग मला कळलं की ते हसतायत. आधी दबून, मग मोकळं. "अगं, छापून आलं असतं तर. कोणीतरी तुझ्यासारखंच कुठल्या तरी वर्गात बसून ते खोडलं असतं, आणि वर माझं नाव. वाचलो की गं आपण."

"सर, डब्यात थोडेच शिंपले आहेत. सातपासून बारापर्यंतच्या पेट्या सगळ्या परत काढाव्या लागतील."

"काढशील?"

"काढीन. पट्टी लावून."

"आणि मग काय दिसेल, तुझा अंदाज?"

"एकच प्रजाती, सर. खालपासून वरपर्यंत तीच."

"खडक तर बदललाय तिथे," सर स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "खाली वाळू, वर चिखल. समुद्र खोल झालाय. खाणं बदललं असणार, पाणी गढूळ झालं असणार. आणि हा पठ्ठ्या तसाच राहिला? हे कसं काय जमलं याला?"

मी म्हटलं, "बघूया."

"हेच लिही. घाई नाही. पेट्या झाल्या की बोलू. विभागात मी बघतो काय सांगायचं ते." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "सातपासूनचे जुने फोटो पुसून टाक मात्र. चुकून कोणी वापरायचं."

खोलीत आले तर आई वाट बघत होत्या. गोटीही, आपापल्या कारणाने.

"रागावले?"

"नाही. हसले. काम चालू ठेव म्हणाले."

"मग झालं तर." त्यांनी गोटीला माझ्याकडे दिलं. "म्हणजे आता शिंपला एकच?"

"एकच."

"बरं झालं. दोघांचं करत बसली असतीस. एकीचं करताना तोंडाला फेस येतोय." मग थोड्या वेळाने, लंगोटांच्या घड्या घालता घालता, "पण मी शेजारणीला सांगून बसलेय ना. आता काय सांगू? मेला म्हणून सांगू?"

मी त्यांना बाराव्या पेटीतला फोटो दाखवला. थाळी, मातीवर एवढासा शिंपला, आणि खाली निळी कमान. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. शर्ट त्यांनी ओळखला. मुलासाठी त्यांनीच आणलेला. मग बोट त्या कमानीवर ठेवलं.

"एवढी झाली होती का गं तेव्हाच?"

"एवढी. आणि मला मागे ढकलत होती."

"अजून ढकलतेय," आई म्हणाल्या.

सरांनी सांगितल्याप्रमाणे ते जुने फोटो पुसले मी आज. हा एक ठेवलाय, कड न कापता. काचेची पट्टी बिंदूबाईंना परत करायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, पेट्या बाकी आहेत ना. ती गोटीच्या मोज्यात गुंडाळून डब्यात शिंपल्यांवर ठेवलीय. दातवाले दाढ काढून आलेत, एक गाल सुजलेला, बोलता येत नाही, पण मघाशी अंगणातून त्यांनी हात वर करून मला एक बोट दाखवलं. एक ढग. किंवा एक दाढ. दोन्हींचं समाधान त्यांच्या तोंडावर सारखंच होतं.

गादीबाहेरचा पाय हलला. आता डोळे उघडेल, मग मला शोधेल, आणि मला खुर्ची मागे घ्यावी लागेल.